तिसरा थर

बशीत विषाणू होते, याबद्दल शंका नव्हती. मोजणी यंत्राने तसं दाखवलं होतं आणि आत्याआजीने ते पुन्हा तपासूनही पाहिलं होतं. तरीही त्या बशीतला थोडा द्रव काढून नव्या, निरोगी पेशींवर टाकला, तर त्या पेशींना काहीही होत नव्हतं. शेजारच्या बशीतला द्रव टाकला की मात्र निरोगी पेशी आजारी पडत, फुगत आणि शेवटी फुटून जात. दोन्ही बशांमधला विषाणू एकच होता आणि पेशीही एकाच जातीच्या होत्या. मग एका बशीतला विषाणू लागण करतो आणि दुसऱ्या बशीतला का करत नाही?

हिमानी केळुसकर बाहेरच्या खोलीत पडद्यासमोर बसून सकाळपासून याच प्रश्नाशी झटापट करत होती. आतली खोली हवाबंद होती. तिथे जायची तिला परवानगी नव्हती. तिथे आत्याआजी जाड काचेच्या पेटीला जोडलेल्या हातमोज्यांत हात घालून काम करायची, आणि पेटीतल्या यंत्राला जे दिसायचं ते बाहेरच्या पडद्यावर उमटायचं.

ही गोष्ट इसवी सन २०६१ मधली. देवगडच्या किनाऱ्यापासून आत, खोल पाण्यात, सागरवाडी नावाची तरंगती वस्ती नांगरून ठेवलेली होती. मोठमोठे तराफे एकमेकांना साखळ्यांनी जोडलेले, त्यांवर घरं, शाळा, दवाखाना, आणि भोवताली लांबच लांब दोरांवर वाढवलेलं समुद्रशेवाळ. वस्तीतली बहुतेक कुटुंबं याच शेवाळाची शेती करत. हिमानीचे बाबाही तेच करत. बाबांची आत्या, म्हणजे डॉक्टर वत्सला केळुसकर, हिची मात्र गोष्ट वेगळी होती. तिने उभा जन्म पुण्याच्या एका प्रयोगशाळेत विषाणूंचा अभ्यास करण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यावर ती भाच्याकडे राहायला म्हणून आली आणि महिनाभरात कंटाळली. मग तिने टोकाच्या तराफ्यावर दोन खोल्यांची प्रयोगशाळा उभी केली. तेव्हापासून ती सागरवाडीतल्या निरनिराळ्या शेवाळांचे अर्क काढून एखाद्या विषाणूला अडवता येतं का, ते बघत होती. बहुतेक अर्कांनी काही होत नसे. वस्तीतले लोक या कामाकडे म्हातारीचा विरंगुळा म्हणून पाहत, आणि आत्याआजीलाही त्यात वावगं वाटत नसे.

त्या वर्षी वस्तीतल्या लहान बाळांमध्ये जुलाबांची साथ आली. लस सगळ्याच बाळांना दिलेली होती, पण हा विषाणू जरा बदललेल्या रूपातला होता. लशीमुळे बहुतेकांचा आजार बेताचाच राहिला, काही बाळं मात्र पार गळून गेली. मयेकरांच्या मुलीला तर रुग्णनौकेने किनाऱ्यावरच्या इस्पितळात न्यावं लागलं. मग हिमानीचा भाऊ विहंग आजारी पडला. तो नुकताच रांगायला लागला होता. आता तो रांगत नव्हता, नीट रडतही नव्हता. आई-बाबा आळीपाळीने त्याच्यापाशी बसत. हिमानीची शाळा पडद्यावरच भरत असल्यामुळे ती कुठूनही शिकू शकत होती, म्हणून आईने तिला काही दिवस आत्याआजीकडे पाठवलं होतं.

दवाखान्यातून आलेल्या नमुन्यांमध्ये आत्याआजीला रोटाव्हायरस सापडला. तिने तो पेशींवर वाढवला आणि आपल्याकडचे सगळे शेवाळअर्क त्यावर एकामागून एक लावून पाहिले. तांबूस, केसाळ दिसणाऱ्या एका शेवाळाच्या अर्काने हे कोडं उभं केलं होतं. अर्क घातलेल्या बशीत विषाणू पुष्कळ आणि लागण शून्य.

"मोजणी चुकली असेल," हिमानी म्हणाली.

आत्याआजी आतल्या खोलीतून बाहेर आली, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि गुडघा धरत खुर्चीवर बसली. मोजणी चुकलेली नाही, असं तिने सांगितलं. मोजणी यंत्र प्रत्येक कण मोजतं, पण कण पूर्ण आहे की अर्धवट, ते त्याला कळत नाही. तेव्हा आधी पूर्ण कण म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं.

तिने पडद्यावर रोटाव्हायरसचं चित्र आणलं. ते काट्यांच्या चेंडूसारखं दिसत होतं. 'रोटा' या लॅटिन शब्दाचा अर्थ चाक. जुन्या सूक्ष्मदर्शकांतून हा विषाणू चाकासारखा दिसला, म्हणून त्याला हे नाव पडलं. केसाच्या जाडीएवढ्या जागेत असे हजारेक कण शेजारी शेजारी मावतील, इतका तो लहान. आत्याआजीने चित्र मधोमध चिरून दाखवलं. अगदी आत विषाणूच्या माहितीचे धागे गुंडाळून ठेवलेले होते. त्यांच्याभोवती एकात एक असे तीन थर होते आणि तिन्ही थर प्रथिनांचे होते. प्रथिन (लांब साखळीसारखा, पण घडी पडून ठरावीक आकार घेतलेला रेणू) कसं काम करतं, हे त्याच्या आकारावर ठरतं, एवढं हिमानी शाळेत शिकली होती.

मधल्या थराच्या प्रथिनाला व्हीपी-सहा म्हणतात, आत्याआजी म्हणाली. बाहेरच्या थराचं मुख्य प्रथिन व्हीपी-सात, आणि त्यातून वर आलेले काटे व्हीपी-चारचे. आतड्याच्या पेशीला चिकटायचं आणि तिच्यात शिरायचं काम हे काटे आणि बाहेरचा थर मिळून करतात. बाहेरचा थर नसलेला कण पेशीवर जाऊन आदळला तरी त्याला आत जाता येत नाही.

हिमानीने विचार केला. मग त्या बशीतल्या कणांना बाहेरचा थरच नसेल, असं ती म्हणाली. आत्याआजीने मान हलवली. तिलाही तसंच वाटत होतं. पण वाटणं वेगळं आणि दिसणं वेगळं. शिवाय थर नसेल, तर तो का नाही, हा प्रश्न उरतोच.

प्रयोगशाळेत अंतर्वेध नावाचं एक यंत्र होतं. जिवंत पेशी न मारता तिच्या आत काय चाललंय ते हे यंत्र दाखवायचं, आणि प्रत्येक प्रथिनाला हवा तो रंग देता यायचा. आत्याआजीने मधल्या थराला हिरवा रंग दिला आणि बाहेरच्या थराला पिवळा. आधी अर्क नसलेल्या बशीतली एक पेशी पडद्यावर आली.

पेशीच्या आत ठिकठिकाणी हिरवट गोळे दिसत होते. आत्याआजीने सांगितलं की ते विषाणूचे कारखाने. विषाणू आत शिरला की पेशीकडून आपली प्रथिनं बनवून घेतो आणि या गोळ्यांमध्ये नवे कण जुळायला लागतात. पहिला थर बसतो, त्यावर दुसरा हिरवा थर बसतो. इथपर्यंत कारखान्यातच काम होतं. तिसरा थर मात्र तिथे बसू शकत नाही.

"का?" हिमानीने विचारलं.

"कारण तिसऱ्या थराचं प्रथिन तिथे नसतंच."

पेशीच्या आत पातळ पडद्यांचं एक जाळं पसरलेलं असतं, आत्याआजीने समजावलं. त्याला अंतर्द्रव्यजालिका (पेशीच्या आतल्या पडद्यांनी बनलेल्या, एकमेकींना जोडलेल्या पोकळ्या) म्हणतात. पेशीला जी प्रथिनं बाहेर पाठवायची असतात, त्यांतली बरीचशी या पोकळ्यांमध्ये तयार होतात. विषाणूचं व्हीपी-सातही तिथेच, पडद्याच्या आतल्या बाजूला बनतं आणि तिथेच राहतं. म्हणजे दोन थरांचे कण पडद्याच्या एका बाजूला आणि तिसऱ्या थराचा माल दुसऱ्या बाजूला. मध्ये पडदा. त्याला दार नाही, भोकही नाही.

यंत्राच्या पडद्यावर हिमानीला ते सगळं दिसत होतं. हिरवे ठिपके कारखान्यातून सुटून जालिकेच्या पडद्यापाशी येत होते. तिथे आले की पडदा त्यांच्याभोवती आत वळत होता आणि ठिपका पोकळीच्या आत उतरत होता. थोड्या वेळाने तो पिवळा झालेला दिसायचा.

तिने विचारलं की कणाला जालिकेचा पडदा कुठे आहे हे कसं कळतं. त्याला आत जायचं असतं का?

आत्याआजीने चष्मा काढून पुसला. विषाणूला काहीही नको असतं, ती म्हणाली. तो चांगला नसतो आणि वाईटही नसतो. आकार जुळले की दोन रेणू एकमेकांना चिकटतात आणि नाही जुळले तर वेगळे राहतात, एवढंच तिथे घडतं. बाकी सगळं आपण म्हणतो.

हिमानीला ते उत्तर आवडलं नाही. विहंगचे सुकलेले ओठ आणि खोल गेलेले डोळे तिने आदल्याच दिवशी पाहिले होते. ज्याने हे केलं त्याला काहीच नको होतं, हे ऐकून तिला उलट जास्त राग आला. 

आत्याआजीने आता आणखी एका प्रथिनाला लाल रंग दिला. त्याचं नाव एनएसपी-चार. हेही विषाणूचंच प्रथिन, पण ते तयार झालेल्या कणात कुठेच नसतं. ते फक्त कण जुळवण्याच्या कामाला येतं. त्याचं एक टोक जालिकेच्या पडद्यात रुतलेलं असतं आणि दुसरं टोक शेपटासारखं बाहेर, कारखान्याच्या बाजूला लोंबत असतं. यंत्राच्या पडद्यावर आता जालिकेच्या कडेला लाल लव उगवल्यासारखी दिसायला लागली. हिरवा कण जवळ आला की लाल शेपटं त्याच्या मधल्या थराला, व्हीपी-सहाला, नेमकी चिकटत होती. आधी एक, मग दोन, मग चहूबाजूंनी. त्यांच्या ओढीने पडदा कणावर चढत जात होता आणि कण त्यात लपेटून आत जात होता. आतल्या बाजूला गेल्यावर ते पांघरूण गळून पडायचं आणि पिवळा थर घट्ट बसायचा. काटेही याच प्रवासात कणावर येतात. ते नेमके कोणत्या क्षणी येतात, यावर शास्त्रज्ञांनी बरीच वर्षं वाद घातला होता.

एवढा मोठा कण एका बारीक शेपटाने कसा ओढला जातो, हे हिमानीला पटेना. तिने तसं विचारलं. आत्याआजीने खुंटीवर टांगलेलं हिमानीचं तरंगजाकीट काढून तिच्या मांडीवर ठेवलं. तराफ्यांवर राहणाऱ्या प्रत्येक मुलाला बाहेर पडताना ते घालावंच लागे. त्याचा पट्टा व्हेल्क्रोचा होता, एका बाजूला बारीक आकडे आणि दुसऱ्या बाजूला लोकर. आत्याआजीने पट्ट्याचं फक्त टोक चिकटवलं आणि ओढायला सांगितलं. ते सहज सुटलं. मग तिने सगळा पट्टा दाबून बसवला. आता हिमानीने दोन्ही हातांनी ओढला तरी तो सुटेना.

एक आकडा कमजोर असतो, आत्याआजी म्हणाली, पण शेकडो एकदम लागले की माणसाचं वजन पेलतात. कणाच्या पृष्ठभागावर व्हीपी-सहाच्या शेकडो सारख्याच जागा असतात आणि जालिकेच्या पडद्यावर शेपटंही पुष्कळ असतात. एकेक बंध हलका, पण सगळे मिळून पडदा वाकवतात.

मग आत्याआजीने अर्क घातलेल्या बशीतली पेशी पडद्यावर आणली, आणि दोघीही पुढे सरकून बसल्या.

इथेही हिरवट कारखाने होते. कणही जुळत होते, उलट गर्दीच झाली होती. जालिकेच्या पडद्याबाहेर हिरव्या कणांचा नुसता खच पडला होता. लाल शेपटंही जागेवर होती. पण कण पडद्यापाशी येत, शेपटांना टेकत आणि पुन्हा मागे जात. एखादा थोडा वेळ थांबे, मग तोही सुटे. पडदा कुठेच वाकत नव्हता. पोकळीच्या आत पिवळं प्रथिन भरपूर साठलेलं होतं, पण ज्यावर बसायचं तो कणच तिथे पोहोचत नव्हता.

म्हणजे मोजणी यंत्र खरं बोलत होतं. बशीत कण होते. पण ते सगळे दोन थरांवर अडकलेले होते.

 शेपटं आहेत, कण आहेत, तरी बंध का होत नाही, असं आत्याआजी स्वतःशीच पुटपुटली. कदाचित अर्कामुळे शेपटाची घडी बिघडली असेल, किंवा व्हीपी-सहाचा आकार बदलला असेल.

हिमानी मांडीवरच्या जाकिटाशी चाळा करत होती. पट्ट्याचं एक टोक कधीपासून नीट चिकटत नव्हतं. बाबांबरोबर शेवाळाच्या दोरांवर जाऊन जाऊन त्या टोकाच्या आकड्यांमध्ये शेवाळाचे तंतू भरले होते. आकडे मोडलेले नव्हते. ते बुजले होते.

"आत्याआजी," ती म्हणाली, "शेपटं बिघडली नसतील. त्यांच्यावर आधीच काहीतरी बसलं असेल."

आत्याआजीने तिच्याकडे पाहिलं, मग पट्ट्याकडे पाहिलं. बघू या, एवढंच ती म्हणाली. ती कुठल्याच गोष्टीला लगेच हो म्हणत नसे. पण ती तशीच उठली, गुडघ्याचं दुखणं विसरून आतल्या खोलीत गेली आणि अर्कातल्या रेणूंना निळा रंग लागेल अशी व्यवस्था करायला लागली. त्या कामात दुपार गेली. निळा रंग पडद्यावर आला तेव्हा लाल लव कुठेच दिसत नव्हती. प्रत्येक शेपटाच्या टोकाला निळं काहीतरी चिकटलं होतं आणि दोन रंग मिळून जालिकेची कड जांभळी दिसत होती. शेपटाचं जे टोक कणाला पकडतं, नेमकं त्याच टोकावर शेवाळातला एक रेणू जाऊन बसला होता.

हिमानी खुर्चीवरून उठली. तिचे गाल तापले होते. तिने विचारलं की अर्क किती शिल्लक आहे. भरपूर आहे, आत्याआजी म्हणाली.

"मग विहूला आजच देऊ या."

"नाही."

"पण तो विषाणूला अडवतो. आत्ता आपण बघितलं."

"बशीत बघितलं," आत्याआजी म्हणाली. "त्या बशीत विहू नाही."

 हिमानी दार ओढून बाहेर आली आणि तराफ्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. समोर शेवाळाचे दोर पाण्यावर वरखाली होत होते. त्या तांबूस शेवाळाचे गुच्छ तिथून दिसतही होते. वस्तीत ज्या गोष्टीची सगळ्यांना गरज आहे ती दोन दोरांपलीकडे वाढते आहे, घरी बाळ पडून आहे, आणि या म्हातारीला अजून बघू या म्हणायचं आहे, असं तिच्या मनात येत होतं. जेवतानाही ती आत्याआजीशी बोलली नाही.

आत्याआजीने तिची समजूत काढली नाही. जेवण झाल्यावर तिने पडद्यावर तिसरी एक बशी आणली. या बशीत विषाणू नव्हताच. निरोगी पेशी होत्या आणि नुसता अर्क होता. कुठल्याही अर्काची परीक्षा करताना ती पहिल्याच दिवशी अशी बशी मांडून ठेवत असे. अर्क शेपटाला चिकटतो हे कळलं, ती म्हणाली, पण तो आणखी कशाकशाला चिकटतो ते अजून कळायचं आहे. पेशीची स्वतःची हजारो प्रथिनं आहेत. तीही एकमेकांना धरून आणि सोडूनच काम करतात. त्यांच्यातल्या एखाद्या गरजेच्या बंधाच्या मध्ये हा रेणू जाऊन बसला तर? ही बशी ते सांगेल. या पेशी ठणठणीत राहिल्या, तर पुढची परीक्षा. नाही राहिल्या, तर विहूला काय झालं असतं ते तुझं तूच समज.

आत्ता तरी त्या बशीतल्या पेशी छान दिसत होत्या, एकमेकींना लागून फरशी बसवल्यासारख्या. हिमानी रोज उठल्याबरोबर आधी त्या बशीकडे बघायला लागली. त्या पेशी जगाव्यात असं तिला फार वाटत होतं. जगल्या की आत्याआजीकडे नाही म्हणायला कारण उरणार नव्हतं.

मधल्या काळात ती घरी जाऊन येई. दारात हात धुवायचे, आत जाऊन थोडा वेळ बसायचं, निघताना पुन्हा हात धुवायचे. आई विहंगला अंगावर पाजत होती आणि मधूनमधून चमच्याने जलसंजीवनी (स्वच्छ पाण्यात ठरावीक प्रमाणात साखर, मीठ आणि क्षार घालून केलेलं मिश्रण) देत होती. दवाखान्याच्या डॉक्टरांनी जस्ताचं औषधही दिलं होतं. हिमानीने आईला विचारलं की या पाण्याने विषाणू मरतो का. आईला ते माहीत नव्हतं. तिने मान वर न करता सांगितलं की बाळ टिकलं पाहिजे, बाकी नंतर बघता येईल. मग तिने चमचा हिमानीच्या हातात दिला आणि कितीतरी दिवसांनी पाठ टेकली. हिमानी विहंगच्या ओठांशी चमचा नेत राहिली. तो कधी गिळायचा, कधी ते पाणी गालावरून ओघळायचं. ती पुसायची आणि पुन्हा चमचा भरायची.

परत आल्यावर तिने तोच प्रश्न आत्याआजीला विचारला. त्या नकारानंतर ती पहिल्यांदाच आपणहून बोलत होती. जलसंजीवनीने विषाणू मरत नाही, आत्याआजीने सांगितलं. विषाणूमुळे आतड्याच्या आतल्या कडेच्या पेशी मरतात, आणि ते एनएसपी-चार कण ओढण्याखेरीज आणखी एक उपद्रव करतं, त्यामुळे आतड्यात पाणी सुटतं. शरीरातलं पाणी आणि क्षार निघून जातात आणि त्यानेच बाळाच्या जिवाला धोका होतो. मीठ आणि साखर बरोबर असली की आतडं पाणी शोषून घेतं. आजारी आतडंही ते करू शकतं. गेलेलं पाणी परत येत राहिलं, तर काही दिवसांत शरीर स्वतःच विषाणूचा निकाल लावतं आणि नव्या पेशी तयार होतात. तुझी आई देते आहे ते पाणी माझ्या सगळ्या अर्कांपेक्षा मोठं औषध आहे, असंही ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिच्या आवाजात नेहमीचीच कोरडी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिमानी पडद्यासमोर आली तेव्हा तिसऱ्या बशीतल्या फरशीला भेगा पडल्या होत्या. पेशी एकमेकींपासून सुटून गोल झाल्या होत्या. दुपारपर्यंत अर्ध्या पेशी तरंगायला लागल्या आणि संध्याकाळी बशीत फारसं काही उरलं नाही. विषाणूचा एकही कण तिथे नव्हता. जे केलं ते अर्काने केलं होतं.

हिमानीने आत्याआजीला हाक मारली. आत्याआजी आली, बघितलं आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. तिने मी सांगितलं होतं असं म्हटलं नाही. हिमानीला रडू येत होतं, पण ते पेशींसाठी होतं, विहंगसाठी होतं की आणखी कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. आपण तो चमच्याने देणार होतो, एवढंच ती म्हणाली. पण दिला नाहीस, आत्याआजी म्हणाली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून काही वेळ तशीच बसून राहिली.

बऱ्याच वेळाने हिमानीने विचारलं की अर्कात तो निळा रेणू एकटाच असतो का.

"नाही गो बाय. शेकडो प्रकारचे असतात."

मग पेशींना मारणारा आणि शेपटावर बसणारा एकच आहे कशावरून, असं हिमानीने विचारलं. आत्याआजी हसली. साथ सुरू झाल्यापासून ती हसली नव्हती. हाच प्रश्न आता अर्काला विचारायचा, ती म्हणाली.

पुढचे काही दिवस त्या दोघी अर्काचे भाग वेगळे करण्यात गढून गेल्या. आत्याआजीने अर्क एका बारीक भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून गाळला. त्यातले हलके रेणू आणि जड रेणू वेगवेगळ्या वेळी खाली उतरत, आणि ते निरनिराळ्या कुप्यांमध्ये गोळा करता येत. प्रत्येक कुपीसाठी दोन बशा लागत. एकीत विषाणू असलेल्या पेशी, दुसरीत निरोगी. हिमानी बाहेर बसून बशा पडद्यावर आणायची आणि काय दिसतं ते सांगायची. काही कुप्यांनी काहीच केलं नाही. एकीने निरोगी पेशी पाहता पाहता फोडून टाकल्या, म्हणजे खुनी तिथे होता. शेवटाकडच्या एका कुपीने मात्र जालिकेची कड जांभळी केली, हिरवे कण बाहेरच्या बाहेर अडवले, आणि तिच्या निरोगी बशीतली फरशी दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, त्यानंतरही अभंग राहिली.

याच दिवसांत विहंग सावरला. आधी त्याचे जुलाब कमी झाले, मग त्याने आईच्या हातातला चमचा हिसकावून घेतला, आणि एका सकाळी हिमानी घरी गेली तेव्हा तो खाटेखाली रांगत जाऊन बाबांची चप्पल चावत होता. त्याला आत्याआजीच्या कुपीतला थेंबही मिळाला नव्हता. आईने तिथेच जमिनीवर बसून डोळे पुसले आणि मग चप्पल काढून घेतली.

आत्याआजीने कुपीतल्या रेणूची सगळी माहिती आणि अंतर्वेधातली चित्रं पुण्याला आपल्या जुन्या प्रयोगशाळेत पाठवली. तिथून उत्तर आलं की हे पुन्हा करून पाहायला हवं, आणि त्यांनी शेवाळ मागवलं. पुढे काय काय होईल, ते आत्याआजीने हिमानीला सांगून ठेवलं. तिथेही तेच दिसलं, तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या तुकड्यांवर परीक्षा, मग प्राण्यांवर, मग निरोगी मोठ्या माणसांवर, आणि सगळ्यांत शेवटी बाळांवर. यातल्या कुठल्याही पायरीवर ते फसू शकतं. बहुतेक वेळा फसतंच. हिमानीने विचारलं की मग एवढं केल्याचा उपयोग काय. आत्याआजीचं म्हणणं असं होतं की हा रेणू फसला तरी शेपटाचं ते टोक कुठे जात नाही. दुसरं कुणी दुसरा रेणू घेऊन तिथेच येईल.

मयेकरांची मुलगी इस्पितळातून परत आली त्या दिवशी धक्क्यावर बरीच माणसं जमली होती. मुलगी वाळून गेली होती, पण सगळ्यांकडे टकामका बघत होती. नौकेतून उतरताना मयेकर काकूंनी हिमानीला पाहिलं. म्हातारीच्या प्रयोगशाळेत काहीतरी सापडल्याची बातमी त्यांच्या कानावर इस्पितळातच गेली होती. त्यांनी हिमानीला बाजूला घेतलं आणि विचारलं की औषध सापडलं हे खरं का.

हो म्हणणं सोपं होतं. हिमानीने मुलीच्या बारीक मनगटाकडे पाहिलं.

"औषध नाही सापडलं, काकू," ती म्हणाली. "पण त्याला कुठे अडवायचं, ती जागा कळली आहे."

काकूंना ते नीटसं उमगलं नाही. त्यांनी विचारलं की मग औषध कधी होईल.

"बरीच वर्षं लागतील. आणि होईलच असंही नाही."

 काकू म्हणाल्या की एवढ्या वर्षांनी हिच्या मुलांना उपयोगी पडलं तरी चालेल. त्यांनी मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि ती जागा नेमकी असते कुठे, असं विचारलं. हिमानीने इकडेतिकडे पाहिलं. जवळ कागद नव्हता, पडदा नव्हता. मग ती धक्क्याच्या ओल्या फळ्यांवर उकिडवी बसली आणि बोटाने एक मोठं वर्तुळ काढलं. ही पेशी, ती म्हणाली. आणि काकूही मुलीला घेऊन तिच्याशेजारी खाली बसल्या.